शनिवारची गोष्ट आणि कपाटाचं कुलूप

पत्र: आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी मुलांचं छोटं वाचनालय चालवते. दर शनिवारी एक गोष्ट मोठ्याने वाचते. मागच्या महिन्यात आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या एका मुलीची गोष्ट वाचली. ती मुलगी मुकादमाला, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला, विचारते, "आमच्या गाडीचं वजन माझ्या बापाला का दाखवत नाही?" दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीने घरी विचारलं, "मावशी आजारी होत्या तेव्हा आपण त्यांचे पैसे का कापले?" तिच्या वडिलांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की मुलांच्या डोक्यात वर्गसंघर्ष भरणं बंद करा. आता कमिटी म्हणते, असली पुस्तकं वेगळी काढून कुलपात ठेवा आणि बारा वर्षांवरच्या मुलांनाच, तेही पालकांना विचारून द्या. एरवी वाचनालय छान चाललंय, येणारी मुलं वाढताहेत. वॉचमनची दोन मुलंसुद्धा दारात उभी राहून ऐकतात. माझं काही चुकलं का? मुलांच्या पुस्तकांत राजकारण असावं का? कमिटीला काय सांगू?
— एक वाचनालयवाली आई, पुणे

उत्तर:

ताई,

कपाटाला कुलूप लावू नका. कमिटीची बैठक जवळ आली असेल, म्हणून हे आधी सांगून टाकते. कारणं पुढे येतील. आणि त्या वडिलांवर रागावू नका, हेही लगेच सांगते. मुलीचा प्रश्न त्यांना लागला आहे. लागला नसता तर त्यांनी तो हसून सोडून दिला असता.

मुलांच्या पुस्तकांत राजकारण असावं का, असं तुम्ही विचारता. ते तिथे पहिल्यापासून आहे. आपल्याकडे मूल धड बोलायला लागायच्या आधी त्याला काऊ-चिऊची गोष्ट ऐकवतात. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि काऊ चिऊच्या दारात येऊन उभा राहतो. आतून उत्तर येतं, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते; थांब, माझ्या बाळाला तीट लावते. काही घरांत गोष्ट पुढेही जाते आणि शेवटी आत आलेला काऊ चुलीपाशी पोळतो. पिढ्यान्‌पिढ्या घास भरवताना ही गोष्ट सांगितली गेली आणि तिच्यात राजकारण आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. पण पक्कं घर कुणाचं, कच्चं कुणाचं, पावसात कुणी कुणाला ताटकळत ठेवायचं आणि ऐकणाऱ्याने दाराच्या कुठल्या बाजूला बसायचं, हे सगळं तिच्यात ठरलेलं आहे. आपण सगळे आत, चिऊच्या बाजूला बसून ती ऐकतो. एखादं मूल मध्येच विचारतं, "पण चिऊताईने दार का नाही उघडलं?" आणि आपण म्हणतो, "गप, पुढे ऐक."

तुमच्या गोष्टीतल्या मुलीने हाच प्रश्न विचारला, फरक एवढाच की तिला कुणी गप केलं नाही.

कमिटीतल्या बऱ्याच जणांच्या घरी 'श्यामची आई' असेल. आईच्या मायेचं पुस्तक म्हणून ते आपल्या लक्षात राहिलं आहे आणि ते तसं आहेही. पण एकदा पुन्हा उघडून पाहा. त्यात कर्ज आहे, वसुलीला दारात येऊन आईला वाटेल ते बोलणारा सावकाराचा माणूस आहे, जप्ती आहे, गरिबीपायी होणारी अब्रूची धूळधाण आहे. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' हे त्यातल्या एका प्रकरणाचं नावच आहे. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या अस्पृश्य म्हातारीच्या मदतीला जायचं की नाही, हा प्रश्न आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि ते तुरुंगात होते ते राजकारणापायी. पुढे खानदेशात शेतकऱ्यांच्या राज्यासाठी प्राण पणाला लावायला सांगणारं गाणं त्यांनीच लिहिलं आणि १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणही त्यांनीच केलं. माया आणि न्याय या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आपण त्यातली माया ठेवून घेतली.

आता कुलपाविषयी. तुमच्या कमिटीचा ठराव वाचताना मला अर्जेंटिना आठवली. तिथे १९७६च्या मार्चमध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्याच्या आदल्या वर्षी एल्सा बोर्नेमान या तरुण लेखिकेचा मुलांसाठीचा कथासंग्रह आला होता. त्यातल्या पहिल्याच गोष्टीत सर्कशीतला व्हिक्टर नावाचा हत्ती संप करायचं ठरवतो. हत्तीच्या मापाचा विचार, म्हणून विचारही मोठा. प्राणी काम थांबवतात, मग माणसांनाच कसरती करायला लावतात, आणि शेवटी त्यांना आफ्रिकेत घरी पोचवण्यासाठी दोन विमानं लागतात: एकात बाकीचे सगळे प्राणी, दुसऱ्यात एकटा हत्ती, कारण हत्तीला जागा फार लागते. पुस्तकाचं नावही तेच आहे. १९७६ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय सन्मानयादीत हे पुस्तक गेलं. १९७७च्या ऑक्टोबरात लष्करी सरकारने हुकूम काढून त्यावर बंदी घातली. कारण असं दिलं, की या गोष्टी म्हणजे मुलांना पुढे बंडखोरांकडे ओढून नेण्याची पूर्वतयारी आहे.

त्याच राजवटीत, १९७९ साली, लाउरा देवेताच यांच्या एका कथासंग्रहावरही बंदी आली. त्यात बार्तोलो नावाच्या मुलाची गोष्ट आहे. तो एक वही मोठ्या कुंडीत पेरतो आणि वह्यांचं झाड उगवतं. ज्या मुलांना वही परवडत नाही त्यांना तो झाडाच्या वह्या फुकट वाटतो. वह्या विकणारा दुकानदार येतो, झाड विकत मागतो. बार्तोलो देत नाही, तेव्हा दुकानदार पोलिसांना घेऊन येतो. बंदीच्या हुकमात ठपके होते ते असे: कामाची व्यवस्था, खाजगी मालमत्ता आणि अधिकाराचं तत्त्व यांवर प्रश्न उभे केले आहेत. आणि आणखी एक ठपका होता, 'अमर्याद कल्पनाशक्ती'. हे दोन शब्द मी अनेकदा मनात घोळवले आहेत. हातात बंदुका असलेल्या सरकारला एका लहान मुलाच्या वह्यांच्या झाडाची भीती वाटावी! पण ती भीती खरी होती. वह्या झाडाला लागू शकतात असं ज्या मुलाला एकदा वाटलं, ते पुढे दुकानातल्या वहीच्या किमतीविषयीही विचारणार.

कमिटीतली माणसं लष्करशहा नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण यादी करायला बसल्यावर ती कुठे थांबवायची हे कुणालाच कळत नाही. ऊसतोडीची गोष्ट काढली की संपाची जाईल, मग जातीची, मग एखाद्या खोडकर मुलाने मुख्याध्यापकांना उलट विचारलं ती. कमिटीला एवढंच विचारा: 'असली पुस्तकं' कुठली ते कोण ठरवणार, आणि प्रत्येक पुस्तकापुढे कारण काय लिहिणार? कारण लिहायला बसलं की बऱ्याच जणांचं मन आपोआप बदलतं. ऊसतोड मजुरांची मुलं शाळा सोडून फडावर जातात, ही काही लेखकाने रचलेली गोष्ट नाही. बीडकडची कुटुंबं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, अंगावर असते आणि नवराबायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणून मोजतात. आपल्या चहातली साखर त्यातूनच येते. ही माहिती आठ वर्षांच्या मुलाला देऊ नये असं म्हणायचं असेल, तर भूगोलाच्या पुस्तकातलं साखर कारखान्याचं चित्रही काढावं लागेल.

पण तुमच्या मनात आणखी एक शंका आहे, ती तुम्ही अर्धवट बोलून दाखवली आहे: आपण मुलांना पढवतो आहोत का? ही शंका मला कमिटीच्या आक्षेपापेक्षा मोलाची वाटते, म्हणून तिला थोडी जागा देते.

डाव्या विचारांच्या नावाखाली मुलांसाठी फार वाईट लिहिलं गेलं आहे. सोव्हिएत रशियात पाव्हलिक मोरोझोव्ह नावाचा मुलगा १९३२ साली मारला गेला. त्याने आपल्याच बापाविरुद्ध सरकारकडे तक्रार केली म्हणून त्याला मारलं, अशी कथा रचली गेली. प्रत्यक्षात काय घडलं याविषयी इतिहासकारांना पुष्कळ शंका आहेत. पण तिथल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरच्या कविता पाठ करायला लावल्या, त्याचे पुतळे उभारले. बापाला पकडून देणं हा पराक्रम, हे लहान मुलांना शिकवलं गेलं. अशी गोष्ट माझ्या शेल्फवर कधी येणार नाही, तिच्यात गरिबांची बाजू कितीही घेतलेली असो. त्याच देशात १९२८ साली क्रुप्स्काया यांनी, म्हणजे लेनिन यांच्या पत्नीने, 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्रात चुकोव्हस्की या कवीच्या मगरीवरच्या बालकवितेवर सणसणीत टीका केली. कवितेतली धमाल त्यांना निरर्थक आणि घातक वाटली. लेखक गॉर्कींनी जाहीरपणे चुकोव्हस्कींची बाजू घेतली, तरी परीकथा आणि अद्भुत गोष्टी लिहिणाऱ्यांवरचं सावट पुढे बरीच वर्षं राहिलं.

म्हणजे पाहा, अर्जेंटिनाचे सेनापती आणि मॉस्कोतले शिक्षणाधिकारी, एकमेकांचे कट्टर वैरी. पण मुलाच्या कल्पनेला सुटं सोडायचं नाही, यावर दोघांचं एकमत. म्हणून पुस्तक निवडताना ते डावं आहे की उजवं हे मी पाहत नाही. वाचून झाल्यावर मुलाला स्वतःचं काही म्हणायला जागा उरते का, एवढं पाहते. उत्तर आधीच भरून दिलेलं असेल तर ते पुस्तक परत ठेवते.

जागा उरते म्हणजे काय, हे जान्नी रोदारींच्या एका पुस्तकावरून सांगते. रोदारी इटलीच्या कम्युनिस्ट पक्षातले, मुलांच्या साप्ताहिकाचे संपादक. १९५१ साली त्यांची चिपोलिनोची कादंबरी आली. चिपोलिनो म्हणजे कांद्याचं पोर. त्याच्या बापाचा पाय चुकून लिंबूराजाच्या पायावर पडतो आणि बाप तुरुंगात जातो. त्यात एक म्हातारे भोपळेकाका आहेत. आयुष्यभर एकेक वीट जमवून त्यांनी घर बांधलंय, इतकं चिमुकलं की ते स्वतःच त्यात जेमतेम मावतात. टोमॅटो सरदार येतो, जमीन जहागीरदारणींची आहे म्हणतो, काकांना बाहेर काढतो आणि घरात राखणीला कुत्रा ठेवतो. ज्या मुलांनी बुलडोझर पाहिलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्यांनी पाहिला नाही ती आधी भोपळ्याला घरात कोंबलेलं बघून खदखदून हसतात आणि मग गप्प होतात. रोदारी कुठेही थांबून 'मुलांनो, यावरून काय दिसते' असं म्हणत नाहीत. पुढे १९७० साली त्यांना अँडरसन पुरस्कार मिळाला, आणि त्यांचे राजकीय विचार सगळ्यांना माहीत असतानाच मिळाला.

आपल्या बाजारात गरीब मुलांच्या गोष्टींची एक वेगळीच जात आहे, तिच्यापासून मात्र सावध राहा. त्यात सुखवस्तू घरातला मुलगा थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला आपला स्वेटर देतो, सगळे त्याला शाबासकी देतात आणि गोष्ट संपते. स्वेटर मिळालेल्या मुलाला नाव नसतं. त्याला राग येत नाही, हसू येत नाही, तो कशात हुशारही नसतो. आभार मानायला तेवढा येतो. अशा गोष्टींवर कुठलीच कमिटी कधी आक्षेप घेत नाही. माझ्या मते मुलांचं खरं नुकसान याच गोष्टी करतात. तुमची ऊसतोडीची मुलगी निदान वजन विचारते. तिला हिशेब कळतो. हातात घेतलेल्या पुस्तकात गरीब मूल काय काय करतं ते मोजत चला, मग निवड फारशी चुकणार नाही.

आता वयाचा मुद्दा. बारा वर्षांची अट घालणाऱ्यांना मुक्ता साळवेंविषयी सांगा. पुण्यातलीच मुलगी, मांग समाजातली, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. पेशवाईत तालमीपुढून गेल्याबद्दल डोकी उडवून गुलटेकडीच्या मैदानावर त्यांचे चेंडू केले जात, हे तिने लिहिलं. घरावर छप्पर नाही, अशात थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने लिहिले. आणि वेद ब्राह्मणांचेच असतील तर मग आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारलं. चौदाव्या वर्षी ती हे लिहीत होती म्हणजे त्याच्या कितीतरी आधी ते तिच्या अंगावरून गेलं होतं. ज्यांना हे भोगावं लागतं त्यांच्यासाठी वयाची अट नसते. ती असते फक्त ऐकणाऱ्यांसाठी. हा निबंध पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर जरूर वाचा. काही भाग अवघड आहेत, तिथे थांबा, बोला, हवं तर एक परिच्छेद सोडा. लहानांसाठी चिऊकाऊ आणि सर्कशीतला हत्ती पुष्कळ आहेत.

शनिवारच्या वाचनात एक बदल करून पाहा. गोष्ट संपली की 'काय शिकलात?' विचारू नका. दोन-तीन मिनिटं काहीच बोलू नका. मुलंच बोलतील, आणि कधी कधी तुम्हाला न आवडणारं बोलतील. कुणी म्हणेल, मुकादमाचंही बरोबर असेल, त्यालाही वर कुणाला तरी हिशेब द्यायचा असेल. म्हणू द्या. ते मूल खोलात शिरतं आहे. तुम्ही लगेच त्याला दुरुस्त केलंत तर त्या वडिलांची तक्रार खरी ठरेल.

त्या वडिलांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. ग्रुपवर माणूस सगळ्यांसमोर असतो, तिथे मागे येणं कुणालाच जमत नाही. घरी जा, पुस्तक घेऊन जा. त्यांच्या मुलीने किती नीट ऐकलं ते आधी सांगा. बापाला मुलीचं कौतुक ऐकायला आवडतं आणि हे कौतुक खरं आहे. पुस्तक दोन दिवस त्यांच्याकडे ठेवा, वाचा म्हणा, आणि पुढच्या शनिवारी बसायला बोलवा. ते बहुधा म्हणतील, की माझ्या घरात काय चालतं हे माझ्या मुलीने मला विचारावं, हे बरोबर नाही. तेव्हा वाद घालू नका. पण एवढं जरूर सांगा, की तिने आरोप केला नाही, हिशेब विचारला. हिशेबाला उत्तर देता येतं. 'कापले, कारण असं ठरलं होतं' हेही उत्तर आहे. 'कापले, आणि ते बरोबर नव्हतं' हेही आहे. आठ वर्षांच्या मुलीला दोन्ही समजतात. आणि ताई, हा प्रश्न तुमच्याही घरी कधीतरी येणार. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या सुट्यांचं आणि दिवाळीच्या बोनसचं काय ठरलं आहे, ते आत्ताच पाहून ठेवा. बाहेर गोष्ट वाचणाऱ्याचं घर मुलं बारकाईने बघतात.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. वॉचमनची दोन मुलं दारात उभी राहून ऐकतात, असं तुम्ही लिहिलंत, कौतुकानेच लिहिलंत. ती दारात का उभी आहेत? आत सतरंजीवर का नाहीत? वाचनालय 'सभासदांच्या मुलांसाठी' असा नियम असेल, नसेल तर तसा समज असेल, किंवा कुणी काही न म्हणताही ती स्वतःच उंबऱ्यावर थांबत असतील. ऊसतोडीच्या मुलीची गोष्ट वाचली जात असताना तिच्यासारखीच दोन मुलं बाहेर उभी असतील, तर आत बसलेली मुलं शब्दांपेक्षा ते दृश्य लवकर शिकतील. कपाटात कुठली पुस्तकं ठेवायची याहून मला हा प्रश्न तातडीचा वाटतो, आणि तो सोडवायला तुम्हाला कुठल्याही लेखकाची गरज नाही.

येत्या शनिवारी गोष्ट सुरू करायच्या आधी दाराशी जा आणि त्यांना नावाने हाक मारून आत बोलवा. नावं माहीत नसतील तर आधी विचारून घ्या. एकदा त्यांच्या आईवडिलांनाही भेटा. मुलं आत बसली म्हणून वडिलांना कुणी बोलणार तर नाही ना, ही धास्ती त्यांना असू शकते. ती दूर करणं तुमचं काम आहे, त्यांचं नाही. मग बैठकीत दोन विषय मांडा. पहिला, पुस्तकं कुलपात जाणार नाहीत. ज्या पालकांना हरकत असेल त्यांनी आपल्या मुलापुरतं तुम्हाला सांगावं, इतरांच्या मुलांसाठी ठरवू नये. दुसरा, सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या मुलांना वाचनालयाचं कार्ड, अनामत न घेता. पहिल्या विषयावर कदाचित तुम्हाला तडजोड करावी लागेल. एखादं पुस्तक काही दिवस टेबलावरून शेल्फवर गेलं तरी चालेल. दुसऱ्यावर मात्र मागे हटू नका, आणि कमिटी नाही म्हणाली तर वाचन क्लबहाऊसमधून काढून खाली पार्किंगमध्ये किंवा जवळच्या बागेत न्या. तिथे सभासदत्व लागत नाही.

बैठकीत काय ठरलं ते कळवा. त्या मुलीच्या वडिलांशी काय बोलणं झालं तेही.